काळी गाडी आणि बाबांचा पिवळा फडका

'काका, चार महिन्यांपूर्वी माझ्या पगारातून (आणि बँकेच्या कृपेने) काळी गाडी घेतली, घरातली पहिलीच. राहतो कासारवडवलीला, पार्किंग ओपन, वर आंब्याचं झाड. बाबा वागळे इस्टेटला एका कंपनीत टूल रूममध्ये (अचूक मापाची हत्यारं, साचे बनवतात तिथे) होते, आता रिटायर. रोज सकाळी सहाला खाली जाऊन पिवळ्या फडक्याने गाडी कोरडी पुसतात. रविवारी एक बादली, बोअरचं पाणी आणि घरातली कपड्याची पावडर. परवा रात्री पेट्रोल पंपावर लाईटखाली बघितलं तर बॉनेटभर कोळ्याचं जाळं! डिटेलिंगवाला (गाड्या चकचकीत करून देणारा) म्हणतो २८ हजारात सिरॅमिक कोटिंग करा, पाच वर्षं ओरखडा येणार नाही. आई म्हणते पैसे उडवू नकोस. करू का? आणि बाबांना कसं सांगू, ते इतक्या प्रेमाने पुसतात.'
– काळजीतली काळीवाली, ठाणे

अगं, आधी जरा शांत हो. ते जाळं-बिळं नाहीये, ते साधे बारीक ओरखडे आहेत, हजारोंनी, आडवे उभे तिरके कसेही गेलेले. पंपावर वर एकच जोरात दिवा असतो ना, तर त्या दिव्याच्या भोवती जे ओरखडे बरोब्बर आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल गोल दिसतं. तू दोन पावलं सरक, जाळंही तुझ्याबरोबर सरकेल. दिवसा ढगाळ हवेत बघितलंस तर काहीच दिसणार नाही. आणि पांढरी गाडी घेतली असतीस तर एवढेच ओरखडे असूनही तुला दोन वर्षं पत्ता लागला नसता. काळ्या रंगाचं हे असंच, काही लपवत नाही बिचारा.

आता हे आले कुठून, तर उत्तर तुझ्या पत्रातच आहे आणि तुलाही माहितीये, फक्त लिहवत नाहीये. फडका.

फडका वाईट नाही गं, धूळ वाईट. तुमच्या घोडबंदर रोडवरची धूळ म्हणजे काय घरातल्या कपाटावरची मऊ धूळ नव्हे. वर्षानुवर्षं मेट्रोचं काम, टॉवरची कामं, खडीचे आणि रेतीचे डंपर, वर सिमेंट. त्यातले वाळू-खडीचे कण गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक असतात. बाबा कोरड्या फडक्याने ती धूळ 'पुसतात' म्हणजे खरं तर ती बॉनेटवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेतात, आणि फडका झटकला तरी निम्मे कण धाग्यातच अडकून राहतात, ते मग दरवाजावर. रोज सकाळी सहाला, चार महिने, म्हणजे शंभराच्या वर वेळा. पॉलिश पेपरच तो, फक्त पिवळा.

आणि घासायला आहे किती, ते ऐक. पत्र्यावर आधी गंज लागू नये म्हणून एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला वरचा क्लिअर कोट, जो चमकतो आणि ऊन-पाऊस झेलतो, तो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. सगळी चमक त्या एवढ्याशा थरात आहे, एकदा गेला की परत येत नाही.

इथेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं, बाबांना कसं सांगायचं. तुला वाटतंय की त्यांना काहीतरी नवीन शिकवायचंय आणि ते दुखावतील. अगं, टूल रूमवाल्या माणसाला तू मायक्रॉन शिकवणार? त्या माणसाने आयुष्य त्याच्यात घालवलंय! त्यांना विचार, बाबा, स्लिप गेज (अचूक मापाचे ते गुळगुळीत पोलादी ठोकळे) वापरायच्या आधी तुम्ही कॉटन वेस्टने (हात पुसायच्या सुताच्या गुंत्याने) खसाखसा पुसायचात का? ते तुझ्याकडे अशा नजरेने बघतील की विचारू नकोस. सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या एकदम सपाट लादीवर) कोणी एमरीच्या खरखरीत भुकटीचा हात लावला तर ते काय बोलायचे तेही विचार (आई समोर नसताना). मग फक्त एवढंच सांग की क्लिअर कोट ४० मायक्रॉन आहे आणि धुळीत सिमेंट आहे. पुढचं त्यांचं त्यांना कळेल. त्यांनी गाडीला गाडी समजून पुसलं, जॉब (मशीनवरचा अचूक कामाचा तुकडा) समजून नाही, एवढीच गफलत झाली.

तरी नाहीच पटलं तर घरात जुन्या सीडी असतील, एखादी खराब झालेली घे, खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ त्या फडक्यावर घे आणि चकचकीत बाजूवर चार वेळा हलक्या हाताने फिरव, वर मोबाईलचा टॉर्च मार. दोन मिनिटांत तेच जाळं दिसेल. आमच्याकडे हा प्रयोग मी माझ्या साडूंवर केला होता, त्यांनी सीडी खिशात घातली आणि जाऊन त्यांच्या वॉचमनला दाखवली.

मी स्वतः काही शहाणा नव्हतो हां. माझी पहिली गाडी लाल, जुन्या पद्धतीचा रंग, म्हणजे वर क्लिअर कोट नाहीच, रंग तोच चमकणारा. दर रविवारी ऐरोलीत बिल्डिंगखाली बसून मी पॉलिश घासायचो आणि फडका लालभडक व्हायचा, बायकोला वर नेऊन दाखवायचो की बघ किती मळ निघाला. तो मळ नव्हता, गाडी होती ती. तीन-चार वर्षांत बॉनेटच्या कडेला खालचा प्रायमर दिसायला लागला, कडेलाच कारण कडांवर रंग मुळात पातळ बसतो. तुझ्या गाडीवर पॉलिश केलंस तर फडक्यावर काळं येणार नाही कारण वर क्लिअर कोट आहे, पण झिजतंय ते झिजतंयच, फक्त दिसत नाही.

बरं आता धुवायचं कसं. बाबांची वेळ एकदम परफेक्ट आहे, सकाळी सहा, सावली, गार पत्रा. उन्हात धुतली की शाम्पू आणि पाणी जागेवरच वाळतं आणि डाग पाडतं. बाकी मात्र क्रम उलटा करा, आधी पाणी, मग हात. रोज पुसायचं बंद, आठवड्यातून एकदा नीट धुवायची, मधे हात लावायचा नाही. धुळीची गाडी दिसायला वाईट दिसते हे मान्य, पण धूळ नुसती बसून ओरखडे पाडत नाही, तिला ओढली की पाडते.

सोसायटीत पाईप लावू देत नसतील (आणि लावू देत असले तरी टँकरच्या दिवसात तोंड दाखवायला जागा राहत नाही) तर झाडांना फवारायचा पाच लिटरचा पंप मिळतो ना, नर्सरीत, तो आण, नाहीतर सरळ बागेची झारी. वरून खाली दोन मिनिटं पाणी सोडायचं, धूळ सैल होऊन वाहून गेली पाहिजे, अर्धं काम इथेच होतं. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग आधी साध्या पाण्यात खळखळून घाण सोडायची आणि मगच परत शाम्पूच्या बादलीत. एकाच बादलीत केलं तर तीच माती परत परत गाडीला लावतोय आपण, बाकी काही नाही. सुरुवात टपावरून, मग काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि खालचे पट्टे सगळ्यात शेवटी कारण सगळी खडी तिथे उडालेली असते. हात सरळ रेषेत फिरवायचा, जिलब्या पाडायच्या नाहीत. आणि दाबायचं नाही! नुसता मोज्याच्या वजनाने. चाकांना वेगळा फडका, वेगळी बादली, कारण तिथे ब्रेकचा लोखंडी भुगा असतो, तो मोज्यात शिरला की संपलं.

कपड्याची पावडर आजपासून बंद म्हणजे बंद. ती तेलकट डाग काढायलाच बनवलेली असते, त्यामुळे गाडीवर मेण असेल तर तेही काढून टाकते, आणि न विरघळलेले दाणे असतात ते वेगळेच. भांड्याचा लिक्विड साबण पण नको, तोही तेच करतो. गाडीचा शाम्पू तीन-चारशेला मिळतो आणि झाकणभर लागतो, वर्ष निघतं आरामात.

बोअरच्या पाण्याचं काय करायचं ते सांगतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, काळ्या गाडीवर ते पांढरे गोल गोल डाग. धुवायला बोअर चालेल, पण शेवटचं पाणी मात्र घरातून एक बादली पालिकेच्या नळाचं न्या. लिफ्टने बादली न्यायला लाज वाटली तर बाबांना सांग, त्यांना वाटणार नाही. डाग आधीच पडले असतील तर साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून, सावलीत, गार पत्र्यावर, एक मिनिट ओला फडका ठेवायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचं. त्यानेही गेला नाही तर डाग आत खाल्लाय, तो मग पॉलिशनेच जातो.

पुसणं ही तर जास्तीच नाजूक गोष्ट आहे, कारण धुताना नीट केलेलं लोक पुसताना घालवतात. मोठा, जाड, लुसलुशीत मायक्रोफायबर टॉवेल घ्या, बॉनेटवर अंथरायचा आणि अलगद आपल्याकडे ओढायचा, किंवा नुसता थोपटायचा. पाणी तो आपोआप पितो. आरशांच्या खाली, डिकीच्या कडेला, दाराच्या खाचेत पाणी लपून बसतं आणि आपण घरी चहा प्यायला लागलो की ओघळ येतो, तिथे आधीच टॉवेल दाबायचा. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता मेला, झटकून वापरायचा नाही, चाकांना द्या. धुताना बाकी कपड्यांत टाकू नका, सुती कपड्यांची लव चिकटते, आणि ते सुगंधी कंडिशनर अजिबात नाही, त्याने टॉवेल पाणी प्यायचंच सोडतो. आईला हे आधीच सांगून ठेव, आमच्याकडे यावरून भांडण झालेलं आहे.

आता तो आंबा. आंब्याखालची जागा उन्हाळ्यात सगळ्यांना हवी असते आणि मोहोराच्या दिवसांत कोणालाच नको. मोहोरावर तुडतुडे येतात, ते गोड चिकट द्रव सोडतात, गाडी सकाळी हाताला चिकटते ती त्याने. तो तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी पण धरते. हा चिकटा कोरडा पुसायला गेलीस तर धूळ त्यात चिकटलेली, मग तर बघायलाच नको. ओला करून, भिजू देऊन, मग शाम्पू. त्या महिना-दीड महिन्यात जमलं तर दुसरीकडे लाव, सोसायटीच्या सेक्रेटरीला गोड बोलून बघ.

आणि झाड आलं की पक्षी आले. पक्ष्यांची शीट, ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी आठवड्याचा नियम मोडायचा. आम्लधर्मी असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये काळं बॉनेट असं तापतं की पापड भाजावा, तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो आणि ती आत उतरते, एका दिवसातही खड्डा पडतो. पण खरडायची नाही, त्यात बिया असतात, खडे असतात. टिश्यू ओला करून त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवायचा आणि अलगद उचलायचा. हे खातं बाबांना देऊन टाक. सकाळी सहाला खाली जायचंच आहे त्यांना, हातात फडक्याऐवजी पाण्याची स्प्रे बाटली आणि टिश्यू. शिवाय टायरची हवा, काचा आतून, डॅशबोर्ड, वायपरच्या खाली अडकलेली पानं (पावसाळ्यात तिथलं पाणी जायची भोकं तुंबतात). काम कमी नाहीये, फक्त रंगाला हात नाही. माणसाचं सकाळचं काम काढून घेऊ नये गं, तेवढं बघ.

कव्हर घालू का असं तू विचारलं नाहीयेस पण पुढच्या पत्रात विचारशील, म्हणून आत्ताच, नको. ओपन पार्किंगमध्ये धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं आणि खाडीकडून वारा आला की ते दिवसभर फडफडत घासतं, बाबा परवडले. पावसाळ्यात तर ओलं कव्हर आत वाफ धरतं.

दसऱ्याचं पण सांगून टाकतो, पहिली गाडी आहे म्हणजे पूजा दणक्यात होणार. ओल्या कुंकवाचा स्वस्तिक बॉनेटवर काढतात आणि मग 'शुभ असतं, पुसू नका' म्हणून आठवडाभर ठेवतात. काळ्यावर डाग दिसणार नाही कदाचित पण कुंकू-अक्षता वाळल्या की पुसताना घासतातच. स्वस्तिक काचेवर काढा, काचेला काही होत नाही आणि देवालाही चालतं. झेंडूचं तोरण तारेने बांधू नका, ती तार ग्रिलजवळ घासत राहते, सुतळी वापरा आणि दुसऱ्या दिवशी काढा. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीवर पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत वाळका झेंडू होता, असो.

आता तुझे २८ हजार. आत्ता करू नकोस.

सिरॅमिक फसवणूक आहे असं मी म्हणत नाहीये. चांगलं असतं. सिलिकावर आधारलेला थर असतो, पाणी मोत्यासारखं पळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, शीट आणि चिकटा यांना थोडा जास्त वेळ तोंड देतो. पण तो थर असतो एक-दोन मायक्रॉनचा! पाच वर्षं ओरखडा नाही हे जो सांगतो त्याला बाबांचा फडका दे आणि घोडबंदरची धूळ दे. ते 'नाईन एच' वगैरे जे सांगतात ना ते पेन्सिलच्या टेस्टचं माप आहे, एचबी, टू-बी असतात तशातली कडक पेन्सिल, लोकांना वाटतं हिऱ्याच्या जवळ काहीतरी आहे. आणि मुख्य म्हणजे आत्ता जे जाळं आहे त्याच्यावरच कोटिंग मारलं तर ते जाळं फ्रेम करून ठेवल्यासारखं आत राहणार, म्हणून आधी मशीनने पॉलिश करावं लागतं, आणि पॉलिश म्हणजे ओरखडा 'भरणं' नाही, आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. दर वेळी एखाद-दोन मायक्रॉन जातात, थोडे जास्तही. ४०-५० मधून असे किती वेळा देणार? म्हणून आधी सवय बदला, मग पॉलिश. उलटं केलंस तर सहा महिन्यांनी परत पंपावर उभी राहून मलाच पत्र लिहिशील.

तर दोन बादल्या, मोजा, दोन टॉवेल, शाम्पू, फवारा पंप, सगळं दीड-दोन हजारात बसतं. दोन-तीन महिने असंच धुवा. मग एखाद्या चांगल्या ठिकाणी हलकं पॉलिश, आणि त्यावर साधा सीलंट (मेणासारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर), जो काही महिने टिकतो, किंवा बाबांना हौस असेल तर कारनौबा मेण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं ते, काळ्या रंगावर फार सुंदर खुलतं, पण आपल्या पावसात महिना-दोन महिन्यांवर भरवसा नाही. लावायला मात्र मजा येते, निवृत्त माणसाला तर फारच. एवढं सगळं होऊन पैसे उरले आणि तुझी इच्छा असली तर दिवाळीनंतर सिरॅमिक कर, खुशाल कर, तेव्हा त्याचा फायदा मिळेल. 'टेफ्लॉन' कोटिंगचा कोणी आग्रह केला तर नको म्हण, खरं टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, गाडीच्या रंगावर ते बसवायला तेवढी भट्टी कोणी लावत नाही, ते नावापुरतंच असतं. आणि खरंच ओरखड्यापासून, खडीपासून वाचवायचं असेल तर ती पारदर्शक फिल्म असते, पीपीएफ, दीड-दोनशे मायक्रॉन जाड, ती मार खाते. पण पूर्ण गाडीला लावायला गेलीस तर आईचं बरोबर होतं असं म्हणायची वेळ येईल. गायमुखच्या घाटातून रोज डंपरच्या मागे जात असशील तर फक्त पुढचा बंपर आणि बॉनेट, तेवढंच. खडी लागून रंगाचा टवका उडालाच तर तेवढा टच-अपचा रंग लगेच लाव, खाडीची खारी हवा उघड्या पत्र्याला सोडत नाही.

पॉलिशला जाशील तेव्हा दुकानदाराला विचार, रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का. नसेल तर निघून यायचं. असेल तर आधी मोजून दाखव म्हणायचं, प्रत्येक दरवाज्यावर, बॉनेटवर, आणि आकडे लिहून घ्यायचे. तिथे बाबांना नक्की घेऊन जा. फक्त निघायच्या आधी त्यांचा खिसा तपास, कारण टूल रूमचा माणूस आहे, घरचा मायक्रोमीटर घेऊन येईल, आणि त्याने पत्र्यावरचा थर मोजता येत नाही हे दुकानात सगळ्यांसमोर त्यांना समजावून सांगायचं काम तुझ्यावर येईल.